पुस्तकांची साखळी दुकानं कोणी बुडवली: ऑनलाइनने की व्यवस्थापनाने?

ऑनलाइनचा फटका खराच. ॲमेझॉनने १९९५ मध्ये पुस्तकं विकायला सुरुवात केली. घसघशीत सूट आणि कुठल्याच दुकानात मावणार नाही एवढी निवड. त्यापुढे टिकणं अवघडच होतं.

पण माझ्या मते जास्त दोष व्यवस्थापनाचा. अमेरिकेतल्या बॉर्डर्स या पुस्तकांच्या साखळीने २००१ मध्ये आपली ऑनलाइन विक्री चक्क ॲमेझॉनच्याच हाती दिली. स्वतःची वेबसाइट पुन्हा उभी केली ती थेट २००८ मध्ये, आणि २०११ मध्ये दिवाळं वाजलं. ही चूक बाहेरून कोणी लादलेली नव्हती.

ब्रिटनमधल्या वॉटरस्टोन्स या साखळीचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. २०११ मध्ये जेम्स डॉन्ट तिथे प्रमुख म्हणून आले. तोवर दारातल्या टेबलावर कुठलं पुस्तक मांडायचं, हे प्रकाशकांच्या पैशांवर ठरे. मग त्या भागातला वाचक ते वाचो न वाचो. डॉन्ट यांनी ते पैसे घेणं बंद केलं आणि निवड शाखेतल्या माणसांवर सोपवली. न विकता प्रकाशकाकडे परत जाणारे गठ्ठे घटले, कंपनी पुन्हा नफ्यात आली. या बदलात कित्येक जुन्या व्यवस्थापकांच्या नोकऱ्या गेल्या, हेही खरं. पण ॲमेझॉन तर तेव्हाही समोर होतंच.