ऑक्टाव्हिया आरएस २३० वर ओपन इनटेक : दहा महिन्यांचा अनुभव, आवाज आणि आपल्याकडची धूळ

इंजिनात हवा नेणारं 'ओपन इनटेक' किट काढून तीन आठवडे झाले. गाडी परत मूळच्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यावर आणि कागदी फिल्टरवर आली आहे. मधले दहा महिने, म्हणजे साधारण अकरा हजार किलोमीटर, ती ओपन कोन इनटेकवर, म्हणजे बंद डब्याऐवजी शंकूच्या आकाराच्या उघड्या फिल्टरवर पळाली. दिवाळीत बसवलं, आख्खा उन्हाळा काढला, अर्धा पावसाळाही काढला आणि मग स्वतःच्या हातांनी उतरवलं. फिटिंगसकट अडतीस हजार गेले. कुणी असं किट घ्यायच्या विचारात असेल तर त्याने आधी हे वाचावं, मग काय ते ठरवावं.

गाडी २०१८ ची, सेकंडहँड घेतलेली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल (टीएसआय) इंजिन, २३० पीएस ताकद, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, सहा गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी. रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये बदल, केलेला नाही, एक्झॉस्ट कंपनीचाच. शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडाची ऑक्टाव्हिया जोडली जायची तेव्हापासून आपल्या संभाजीनगरात या गाडीबद्दल एक घरचं प्रेम आहे, त्यातला मी एक. रोज सिडको ते वाळूज आणि परत, महिन्यातून दोनदा अंबडकडं गावाला. गावाचे शेवटचे सहा किलोमीटर कच्चे आहेत. हा तपशील लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

घेतलं कशासाठी? खरं सांगतो, आवाजासाठी. 'ताकद वाढते' हे घरी सांगायला होतं. आणि आवाजाच्या बाबतीत किटने शब्द पाळला. या इंजिनात पाय सोडला की टर्बोमधली (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यातली) दाबलेली हवा एका झडपेतून परत टर्बोच्या आधीच्या पाइपात सोडली जाते. मूळचा बंद डबा तो आवाज गिळून टाकतो, उघडा कोन गिळत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी पाय उचलला की 'फिस्स्स' आणि पाय दिला की टर्बोची बारीक शिट्टी. पहिले पंधरा दिवस मी जालना रोडवर कारण नसताना फिरलो. बायको म्हणाली, "गाडीला सर्दी झाली का? सारखी शिंकतीये." पण या गाडीत कंपनीनेच केबिनमध्ये घुमवायला आवाजाचं एक वेगळं यंत्र बसवलेलं आहे. त्या कृत्रिम गुरगुरीपेक्षा ही शिंक मला शंभरपट खरी वाटली. आजही वाटते.

आता ताकद. किट बसवायच्या आधी आणि नंतर समृद्धीवर जालन्याच्या पुढं ८० ते १२० चे रन काढले. तिथं कारला वेगमर्यादा १२० ची आहे, म्हणून त्याच्यावर गेलो नाही. पहाटेची वेळ, तोच पट्टा, दोन्ही दिशांनी तीन-तीन रन, मेहुणा शेजारी जीपीएसचं अ‍ॅप घेऊन. आधीचे आकडे ४.४ ते ४.७ सेकंदांच्या मधले. नंतरचे ४.४ ते ४.६. तुम्हाला यात फरक दिसत असेल तर तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली. नंतर एकदा मेहुण्याला घरी ठेवून गेलो, तर ४.२ लागला. म्हणजे मेहुणा उतरल्यावर गाडी जेवढी हलकी झाली तेवढंही काम अडतीस हजारांनी केलं नाही. त्याला हे अजून सांगितलेलं नाही.

असं का, हे जरा सविस्तर सांगतो, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा ओढायची ती पिस्टनने, बाहेरच्या दाबाच्या जिवावर. तिथं फिल्टरने अडवलेली हवा थेट ताकदीतून वजा होते, म्हणून मोकळ्या इनटेकचा थोडा का होईना फायदा दिसू शकतो. टर्बो गाडीत मात्र किती दाब तयार करायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. फिल्टर मोकळा केला तर तोच दाब गाठायला टर्बोला कष्ट थोडे कमी पडतात, एवढंच. ईसीयूने मागितलेला दाब तोच, पेट्रोल तेवढंच, मग ताकद येणार कुठून? रीमॅप करून दाब भरपूर वाढवला, मोठा टर्बो टाकला आणि मूळचा डबा खरंच अपुरा पडायला लागला, तर इनटेकला अर्थ आहे. पण तेव्हाही तो रीमॅपच्या मागून येणारा खर्च. मी उलटं केलं, आधी झूल घेतली आणि बैल नंतर बघू म्हटलं.

'कोल्ड एअर' हा शब्द मार्केटिंगचा आहे, हे मला मे महिन्यात कळलं. फ्रिजचं तापमान बघायला लांब वायरचा छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, अडीचशे-तीनशेचा. त्याचं टोक कोनच्या तोंडाशी टायने बांधलं आणि वायर खिडकीतून आत घेतली. बाहेर ४२ अंश. क्रांती चौकाच्या सिग्नलला चार मिनिटं उभा राहिलो तर कोनपाशी ६८. सिग्नल सुटून वेग धरल्यावर हळूहळू उतरत ४७. पुढच्या रविवारी मूळचा डबा लावून त्याच वेळी त्याच रस्त्यावर गेलो : उभं असताना ५२, चालताना ४४. कारण उघडं आहे. मूळचा डबा जाळीच्या मागून, रेडिएटरच्या वरून थेट बाहेरची हवा घेतो आणि त्याचं जाड प्लॅस्टिक उष्णता आत येऊ देत नाही. कोन बिचारा इंजिनाच्या शेजारी पत्र्याच्या आडोशाला उभा, आणि त्या पत्र्याची रबरपट्टी मे संपेपर्यंत वितळल्यासारखी लोंबायला लागली.

४२ अंशांच्या हवेपेक्षा ६८ अंशांची हवा साधारण साडेसात टक्के विरळ असते, हा साधा वायूच्या नियमाचा हिशोब. पुढं टर्बोतून आलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आहे म्हणून सगळाच तोटा इंजिनापर्यंत पोचत नाही. पण टर्बोत गरमच हवा घातली तर बाहेर आणखी गरम येणार, आणि नॉकिंगचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप पेटून ठोके बसण्याचा, धोका दिसला की ईसीयू ठिणगीची वेळ मागं घेतो. सिग्नल सुटल्यावरची पहिली जोरदार ओढ, जिच्यासाठी माणूस अशी गाडी घेतो, तीच मे महिन्यात मऊ वाटायची. दुकानदार डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, जो कागद दाखवतात त्यात बोनेट उघडं असतं आणि समोर भलामोठा पंखा. क्रांती चौकात असा पंखा महापालिकेने अजून बसवलेला नाही.

हे सगळं मी आवाजापायी पोटात घातलं असतं. घालवलं ते धुळीने.

माघात गावाकडं होतो. शेजारच्या शेतात हरभऱ्याचं मळणीयंत्र चालू, वारा आमच्या अंगणाकडं. दुपारी सहज बोनेट उघडलं तर कोनवर भुशाची आणि कापसाच्या तंतूंची गोधडी. त्याचं काही वाटलं नाही, फिल्टर त्याचसाठी असतो. पण मनात आलं म्हणून फिल्टर सैल करून आतल्या पाइपात बोट फिरवलं. बोट बाहेर आलं ते राखाडी. पिठासारखी बारीक धूळ, तेलात किंचित कालवलेली. फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला! अंगठ्यावर चोळली तर बारीक कचकच लागली. तीच कचकच पुढं टर्बोच्या पात्यांवर आणि सिलिंडरच्या भिंतींवर जाणार.

वडील शेजारी उभे होते. त्यांचा जुना ट्रॅक्टर अजून चालू आहे, ऑइल बाथ एअर क्लीनरचा. त्यात हवा आधी फिरून जड धूळ वरच्या वाटीत टाकते, मग खाली तेलावर आपटते, उरलेली धूळ तेलात बसते आणि मग तेलाने भिजलेल्या जाळीतून हवा इंजिनात जाते. रोटाव्हेटर चालू असला की वडील रोज संध्याकाळी ते भांडं उघडून बघतात, गाळ साचला की तेल बदलतात. त्यांनी माझं बोट बघितलं, मग बोनेटमध्ये बघितलं. "ट्रॅक्टरला धूळ धरायला तेलाचं भांडं लागतंय, आन् पंचवीस लाखाच्या गाडीचं नाक तू उघडं ठेवलास व्हय?" मी म्हटलं, दादा, हा इंपोर्टेड फिल्टर आहे. ते म्हणाले, "माती तर हितलीच हाय ना."

संभाजीनगरला आल्यावर माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडं गेलो. वय साठच्या पुढं, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पाइप खोलला आणि दोन गोष्टी दाखवल्या. एक, पाइपाचा क्लॅम्प फिटिंग करणाऱ्याने नीट कसलाच नव्हता. पाइप एका बाजूने उचललेला होता आणि तिथून फिल्टरला वळसा घालून धूळ सरळ आत जात होती. हा दोष फिटिंगचा, किटचा नाही, हे मान्य. त्यांनी नवा क्लॅम्प टाकला, मी पाइप आतून पुसून स्वच्छ केला, फिल्टर धुऊन, सावलीत वाळवून, मापात तेल लावलं. दोन, चाचा म्हणाले, "तीन हजार किलोमीटर चालवा साहेब, मग पांढऱ्या रुमालाने पुसून माझ्याकडं आणा. मी काही बोलणार नाही, रुमाल बोलंल."

तीन हजारांनंतर रुमाल पहिल्या वेळेपेक्षा बराच कमी, पण तरी मळलेला निघाला. क्लॅम्प घट्ट असूनही. तेलाच्या कापडी फिल्टरमधून हवा सहज जाते याचं कारणच त्याची वीण मोकळी असते, आणि अगदी बारीक धूळ धरायला घड्यांचा कागद सहसा वरचढ ठरतो. शिवाय कागदाच्या घड्या उलगडल्या तर क्षेत्रफळ किती मोठं निघतं ते एकदा जुना फिल्टर फाडून बघा. पुण्या-मुंबईत स्वच्छ डांबरावर चालणाऱ्याला हा फरक वर्षानुवर्षं जाणवणार नाही. आपल्या काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ, चौपदरीकरणाची कामं, ऊसाच्या ट्रॉल्यांमागची भुकटी, यात तो फरक मोजायला यंत्र लागत नाही, रुमाल पुरतो.

पावसाचं थोडक्यात : माझा कोन वर होता म्हणून पाण्याची भीती नव्हती. बंपरच्या मागं खाली फिल्टर असलेली किट्स मिळतात, ती घेऊन भुयारी मार्गातल्या पाण्यात शिरू नका. इंजिनात ओढलं गेलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन प्रोटेक्टचं कव्हर घेतलेलं नसेल तर विमा कंपनी सहसा हात वर करते. कायद्याची बाजूही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत परवानगीशिवाय बदल केले तर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मला कुणी अडवलं नाही, पण आवाज करत जाणारी गाडी नजरेत येते. मायलेजमध्ये काहीही फरक पडला नाही. ज्यांना पडतो त्यांचा पाय हलका झाला असावा.

आता डब्यात कंपनीचा साधा कागदी फिल्टर आहे, तोही मी कंपनीच्या मुदतीच्या निम्म्यात बदलणार आहे. तेवढ्या अडतीस हजारांत असे किती फिल्टर आले असते याचा हिशोब केला आणि मग कागद फाडून टाकला. तुमची गाडी रीमॅप केलेली असेल, गावाकडं जाणं नसेल, तर बंद डब्याचं, समोरून हवा घेणारं किट बघा. उघडा कोन आपल्या भागात तरी नको.

आवाजाची आठवण येते. परवा वाळूज फाट्यावर पाय सोडला आणि कान सवयीने 'फिस्स' शोधत राहिले.

किट विकायला टाकलं होतं. लातूरहून एका मुलाचा फोन आला, त्याची पोलो जीटी आहे. मी आधीच सांगितलं की हे तुझ्या गाडीचं किट नाही, पाइप बसणार नाही. तो म्हणाला, फक्त कोन द्या दादा, पाइप मी बनवून घेतो. मग मी त्याला धुळीचं सांगितलं, रुमालाचं सांगितलं, ६८ अंशांचं सांगितलं. तो सगळं शांतपणे ऐकत होता.

"दादा, आवाज येतो का पण?"

"येतो."

"मग द्या की पाठवून."