फुल प्लेट कॅमेऱ्यात एक्स-रे फिल्म : ५० शीटच्या एका डब्याचा अनुभव

आर्वी तालुक्यातील आमच्या घरी आजोबांच्या काळचा एक फुल प्लेट कॅमेरा आहे. सागवानी पेटी, चामड्याचा भाता, मागे घासलेली काच आणि साडेसहा बाय साडेआठ इंचाच्या काचेच्या प्लेटा धरणाऱ्या तीन डार्क स्लाइड एवढे सगळे शाबूत होते, परंतु त्यात घालायला फिल्म नव्हती. या मापाची फिल्म इंग्लंडची इल्फर्ड कंपनी वर्षातून एकदा, आगाऊ नोंदणी घेऊन, कापून देते; ८ × १० इंचाची फिल्म मागवून घरी कापता येते, पण तिच्या एका शीटच्या किमतीत सोयाबीनच्या दिवसांत मजुराचा रोज निघतो. म्हणून ६.५ × ८.५ इंच हे माप एक्स-रेच्या फिल्ममध्ये आजही बनते असे कळले, तेव्हा मी लगेच नागपूर गाठले.

पहिली खेप वाया गेली, आणि ती का गेली हे आधी सांगणे गरजेचे आहे. मी एका दुकानात नुसती ‘एक्स-रे फिल्म’ मागितली. माझे माप शिल्लक नव्हते, म्हणून दुकानदाराने ८ × १० चा डबा दिला आणि मीही कापून घेऊ म्हणून तो उचलला. घरी आल्यावर कळले की ती ड्राय फिल्म होती. ही फिल्म संगणकाला जोडलेल्या प्रिंटरमध्ये उष्णतेने छापली जाते. कॅमेऱ्यात घालून डेव्हलपरमध्ये, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या द्रावणात, कितीही हलवली तरी तिच्यावर काही उमटत नाही. डबा फोडलेला असल्यामुळे तो परत घेतला गेला नाही, आणि त्यात निम्मी चूक माझीच होती. दुकानात ‘डार्करूममध्ये धुण्याची, ग्रीन सेन्सिटिव्ह’ एवढे शब्द उच्चारल्याशिवाय पैसे काढू नयेत.

ग्रीन म्हणजे काय, हे या फिल्मच्या मूळ कामावरून समजते. रॉन्टगेनने १८९५ मध्ये शोधलेल्या किरणांना फिल्म स्वतः फारशी दाद देत नाही. कॅसेटमध्ये फिल्मच्या दोन्ही बाजूंना एकेक पडदा असतो, किरण पडले की तो चमकतो, आणि त्या चमकेनेच प्रतिमा उमटते. म्हणूनच फिल्मच्या दोन्ही अंगांना इमल्शन, म्हणजे प्रकाशाला दाद देणारा लेप, चढवलेले असते. कॅल्शियम टंगस्टेटचे जुने पडदे निळसर चमकतात, तर गॅडोलिनियमचे नवे पडदे हिरवे, आणि त्यानुसार फिल्मचेही दोन प्रकार झाले आहेत. फुजीचेच उदाहरण घ्यायचे तर सुपर आरएक्स ही निळ्या पडद्याची आणि एचआर-यू ही हिरव्या पडद्याची फिल्म होय. हिरव्याची फिल्म निळा आणि हिरवा असे दोन्ही रंग पाहते, त्यामुळे फोटोसाठी तीच घ्यावी. लाल रंग मात्र दोन्हींना दिसत नाही.

या एका गोष्टीवर माझा सगळा अभिप्राय उभा आहे. ही स्वस्तातली कॅमेरा फिल्म आहे असे समजून जो तिला घेईल त्याची निराशा होईल; तिची नजर वेगळी आहे, आणि त्या नजरेला मानवेल असाच विषय तिच्यापुढे ठेवावा लागतो. कपाळावरचे कुंकू तिच्यावर काळे ठिक्कर उमटते. उन्हात रापलेला चेहरा आहे त्याहून सावळा येतो आणि त्यावरची एकेक सुरकुती खोदल्यासारखी दिसते. माझ्या मोठ्याईचा फोटो असा निघाला की घरातल्या लहान मुलांनी तो पाहून ‘ही कोण’ असे विचारले. मोठ्याईने स्वतः मात्र तो देवघराशेजारी लावून घेतला. बागेतली पिकलेली संत्री आजूबाजूच्या पानांपेक्षा काळी येतात, जे पाहायला चमत्कारिक वाटते. निळे आकाश कोरे पांढरे होते, म्हणून वेचणीला आलेली पऱ्हाटी खालून आभाळासमोर धरली तर बोंडे त्यात हरवून जातात. तीच पऱ्हाटी धुऱ्यावर उभे राहून, मागे काळी माती येईल अशा बेताने टिपली, तेव्हा मात्र कापसाचा एकेक तंतू मोजावा असा फोटो मिळाला. पिवळा फिल्टर लावल्यास आकाशात थोडी छटा येते, पण निम्म्याहून अधिक प्रकाश त्यातच जातो. लाल फिल्टर लावणे म्हणजे भिंगाचे झाकण न काढताच फोटो घेणे होय.

डब्यावर फिल्मचा आयएसओ अंक, म्हणजे ती प्रकाशाला किती झटकन दाद देते याचे माप, नसतो. सकाळी नऊनंतरच्या उन्हात मी ती ८० धरतो. संध्याकाळी प्रकाश तांबूस होऊ लागला की प्रकाश मोजणारा मीटर तो लाल प्रकाशही मोजतो आणि फिल्म तो पाहत नाही, म्हणून तेव्हा २५ धरावी लागते. आमच्या भिंगाला शटर नाही. परंतु कोठ्याच्या सावलीत, भिंगाचे छिद्र अगदी बारीक, एफ ४५ वर, ठेवले की साधारण एक सेकंदाचा अवकाश मिळतो, आणि झाकण काढून पुन्हा लावण्यास तेवढा पुरतो. वेगवान फिल्म असती तर हे जमलेच नसते. डार्क स्लाइड काचेच्या जाडीची आहे आणि फिल्म जेमतेम ०.१८ मिलिमीटरची, म्हणून मी प्लेटच्या जाडीचा काळा पुठ्ठा कापून फिल्मच्या मागे बसवतो. त्याने फिल्म जागेवर राहते, शिवाय तिच्यातून आरपार गेलेला प्रकाश मागून परतत नाही. दोन्ही अंगांना इमल्शन असल्याने या फिल्मला तो प्रकाश शोषणारा थर नसतो, आणि खिडकीसारख्या उजळ वस्तूभोवती पुठ्ठा लावूनही एक मंद वलय येतेच. ते मला आवडते, पण प्रत्येकाला आवडेल असे नाही.

खरा त्रास धुताना होतो. ओले इमल्शन इतके मऊ असते की नखाचा नुसता स्पर्श झाला तरी पांढरी रेघ राहते, आणि इथे तर ट्रेच्या तळाला टेकणारी बाजूही इमल्शनचीच असते. पहिल्या १० पैकी ७ शीटवर ओरखडे आले. त्यानंतर ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच घातली, एका वेळी एकच शीट घेण्याचा नियम केला आणि शीट हलवण्याऐवजी ट्रेचा कोपरा उचलून पाणी खेळवू लागलो. पुढच्या ४० मध्ये ५ शीट खराब झाल्या. या त्रासाच्या बदल्यात मोठी सोय अशी, की लाल दिव्यात सगळे डोळ्यांसमोर घडते आणि चित्र हवे तेवढे गडद झाले की शीट उचलता येते. दिवा विकत घेतल्यावर फिल्मच्या तुकड्यावर नाणे ठेवून पाच मिनिटे तसेच राहू द्यावे; धुतल्यावर नाण्याचा गोल उमटला तर दिवा बदलावा.

एक्स-रेचा नेहमीचा डेव्हलपर हाडे दाखवण्यासाठी असतो. त्यात चेहरा धुतला तर काळा आणि पांढरा यांच्यामध्ये काही उरत नाही. मी लिटरभर पाण्यात ७.५ ग्रॅम मेटॉल आणि १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट घालून डी-२३ नावाचा डेव्हलपर घरीच बनवतो, आणि वापरताना त्याच्या एका भागात तीन भाग पाणी घालतो. २४ अंशांना सात मिनिटे पुरतात. हे २४ अंश हिवाळ्यात सहज मिळतात, पण पारा ४५ च्या घरात असतो त्या मे महिन्यात पहाटे चारला उठून माठाच्या पाण्यात रसायनांच्या बाटल्या ठेवाव्या लागतात, आणि तरीही इमल्शनमधले जिलेटिन फुगण्याची धास्ती असते. आमच्या विहिरीचे पाणी जड असल्यामुळे वाळलेल्या निगेटिव्हवर पांढरे ठिपके येत. शेवटची धुणावळ बॅटरीच्या पाण्यात केल्यापासून ते गेले.

प्रिंटसाठी एन्लार्जर लागत नाही. निगेटिव्ह कागदावर ठेवून काचेखाली दाबले आणि उन्हात ठेवले की सायनोटाइप होतो. हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेल्या या निळ्या प्रिंटला अशीच दाट निगेटिव्ह लागते, आणि विदर्भात उन्हाचा तुटवडा नाही. ढगाळ दिवशी दोन बाजूंच्या दोन प्रतिमांमुळे किंचित मऊपणा येतो, तर थेट उन्हात तो जाणवत नाही. मागचे इमल्शन ब्लीचने खरवडून काढण्याचा प्रयोग मी दोनदा केला. एकदा साधला, एकदा पुढचेही निघून आले. फिल्मचा निळसर पाया प्रिंटच्या आड येत नाही.

तालुक्याच्या दवाखान्यांतून डार्करूम केव्हाच गेल्या. दुकानदारही हा माल आता मागणी आली तरच आणतो, म्हणून मी याच मापाचे आणखी दोन डबे सांगून ठेवले आहेत. पळस फुलायला अजून दोन महिने आहेत. गेल्या फाल्गुनात याच फिल्मवर घेतलेला पळस जळक्या झाडासारखा काळा आला. तेव्हा त्या एका झाडासाठी सगळे रंग पाहणारी ८ × १० ची महागडी फिल्म मागवली आहे, आणि तिच्या दोन शीट पूर्ण काळोखात, चाचपडत कापण्याचा सराव सध्या वाया गेलेल्या ड्राय फिल्मवर चालू आहे.