चिनी बांबूचं कोरीव काम: पहिली वस्तू कोणती घ्यावी?

शांघायकडच्या दुकानांत दोन वस्तू हमखास पुढ्यात येतात: कुंचले ठेवायचं खोल कोरलेलं भांडं आणि लिहिताना मनगट टेकवायची, जेमतेम उठावाची पट्टी. नजर आधी भांड्याकडे जाते. पण पहिलीच खरेदी असेल, तर माझं मत पट्टीला.

भांडं बहुधा जियाडिंग शैलीचं. जियाडिंग आता शांघायमध्येच येतं. मिंग राजवटीच्या काळात (चौदावं ते सतरावं शतक) तिथल्या झू घराण्याच्या तीन पिढ्यांनी बांबूच्या जाडीतच डोंगर, झाडं, माणसं थरांवर थर कोरली. त्यांतल्या झू यिंगची एक धूपनळी १९६६ मध्ये थडग्यात सापडली. ती शांघाय म्युझियममध्ये आहे. औषधी वनस्पती शोधायला गेलेल्या दोघांना डोंगरात अप्सरा भेटतात आणि ते घरी परततात तोवर सात पिढ्या उलटलेल्या असतात. वीतभरही नसलेल्या त्या नळीवर या कथेतला प्रसंग आहे! अशी गोष्ट बोटांनी फिरवत बघायची हौस असेल, तर भांडंच घ्या.

पट्टीवरचं काम बहुतेकदा ‘ल्यूछिंग’, म्हणजे हिरवं राखणं. बांबूची वरची साल एक मिलिमीटरही जाड नसते. चित्रापुरती ती ठेवायची, बाकीची खरवडून खालचा रेषाळ भाग, म्हणजे गर, उघडा करायचा. सतराव्या शतकात झांग शीह्वांग या कारागिरांनी साल कुठे पूर्ण, कुठे निम्मी, कुठे नावापुरती राखून शाईसारख्या छटा आणल्या. नव्या पट्टीत साल आणि गर यांचा रंग जवळपास सारखाच, त्यामुळे ती फिकी वाटते. वर्षं जातात तसा गर तांबूस-तपकिरी होतो, साल मधाळ पिवळी राहते आणि चित्र आपोआप उठून दिसू लागतं.

पारंपरिक चिनी लिखाणात उभ्या ओळी उजवीकडून डावीकडे सरकतात, त्यामुळे ओली शाई हाताखाली येते; पट्टी त्यासाठीच. तिथे बांबूच का, तर पेराला असलेला ‘च्ये’ हा शब्द सचोटीलाही वापरतात आणि पोकळ बांबू म्हणजे नम्र मन. जेवणात मांस नसलं तरी चालेल, पण घराशी बांबू हवा, असं कवी सू शी लिहून गेले.

टिकण्याचं गणितही पट्टीच्याच बाजूचं. भांडं म्हणजे बांबूची अखंड नळी; ती कोरड्या हवेत आकसते आणि उभी तडकते. बांबू चिरून काढलेल्या पट्टीवर तेवढा ताण येत नाही. पुण्याच्या उन्हाळ्यात किंवा एसीसमोर हे लक्षात ठेवा. कोकणात मात्र दोघींनाही बुरशीचा धोका सारखाच. पट्टीची खरी भीती ओरखड्याची: साल गेली की गेली.

घेताना कापलेली कड बघा. खऱ्या बांबूत बारीक ठिपके बाहेरच्या बाजूला दाट आणि आत विरळ असतात. साच्यात ओतलेल्या रेझिनच्या नकलेत ते नसतात. रेषा सगळीकडे एकाच खोलीच्या आणि कडेला करपलेल्या दिसल्या, तर काम लेझरचं समजा आणि किंमत त्याच हिशेबाने द्या.