दारापुढचा बर्फ कोणी काढायचा: घरमालकाने की पालिकेने?

ठाण्यात बर्फ पडत नाही, पण मुलं परदेशी असलेल्या नौपाड्यातल्या आईबाबांना हा प्रश्न परका नाही.

न्यूयॉर्कमध्ये रस्ता पालिका साफ करते. फुटपाथ मात्र लगतच्या घराच्या किंवा दुकानाच्या मालकाने करायचा. दिवसा बर्फ थांबला की ४ तासांत, नाहीतर दंड. काम पटकन सुरू होतं, हे खरं. पण मधलं एखादं घर बंद असेल, तर वाट तिथेच तुटते. व्हीलचेअरवाल्याने उतरायचं ते थेट रस्त्यावर! आणि घरात एकटे आजी-आजोबा असतील तर? ओला बर्फ फार जड असतो, तो उपसताना हृदयावर ताण येतो.

कॅनडातल्या माँट्रियलमध्ये दोन्ही कामं पालिकेची. फुटपाथवर मावतील अशा छोट्या गाड्या फिरतात, मोठ्या हिमवर्षावानंतर बर्फ ट्रकमधून उचलून नेतात. खर्च करांतून, आणि आपल्या गल्लीची पाळी येईपर्यंत थांबावं लागतं.

मला माँट्रियलची पद्धत पटते. पावसाळ्यात गेटसमोरच्या जाळीवरचा पाचोळा सोसायटीने जरूर काढावा. पण शेवाळलेले पेव्हर ब्लॉक आणि घोडबंदर रोडवरचा चिखल काढणं पालिकेचंच काम आहे.