डिस्कच्या शब्दावर न विसंबणारी साठवण : झेडएफएसचे परीक्षण

माझ्या देखरेखीखालील एका लिनक्स सर्व्हरवर गेली सहा वर्षे सहा डिस्कांचा एक झेडएफएस पूल, म्हणजे झेडएफएस या फाइल साठवण-प्रणालीने एकत्र जोडलेला डिस्कांचा साठा, चालू आहे, आणि या काळात त्याने मला दोनदा धावपळ करायला लावली : एकदा डिस्क धडधाकट असताना आणि एकदा ती खरोखरच अखेरच्या घटका मोजत असताना. एरवी त्याच्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही, कारण फायली लिहिल्या जातात, वाचल्या जातात आणि आपण त्याला विसरून जातो. म्हणून वेग, जागेची बचत वगैरे विषय बाजूला ठेवून, डिस्क किंवा तिच्या आसपासचे काही बिघडले असता ही प्रणाली आपल्याला कितपत मदत करते, एवढ्याच प्रश्नाभोवती हे परीक्षण मी लिहीत आहे.

ही प्रणाली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू ॲरेन्स यांनी २००१ मध्ये रचायला घेतली, २००५ मध्ये तिचा मूळ कोड खुला झाला, २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि २०१३ पासून ओपनझेडएफएस या नावाने तिचा खुला विकास एकत्रितपणे चालू आहे. तिच्या रचनेतील मध्यवर्ती कल्पना संशयाची आहे. प्रत्येक ब्लॉकचा, म्हणजे मजकुराच्या तुकड्याचा, चेकसम (त्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) त्या ब्लॉकशेजारी न ठेवता त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवला जातो, आणि ही साखळी थेट मुळापर्यंत जाते. त्यामुळे डिस्कने चुकीच्या जागचा मजकूर आणून दिला, किंवा लिहिले असे सांगून प्रत्यक्षात काहीच लिहिले नाही, तरी वाचताना ते उघडकीस येते. लिनक्सच्या नेहमीच्या एमडी रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्का एकत्र वापरण्याच्या जुन्या सोयीत, पॅरिटीशी (हरवलेला मजकूर पुन्हा उभा करता यावा म्हणून ठेवलेल्या जादा माहितीशी) मजकूर जुळत नाही एवढेच तपासणीत कळते; कोणत्या डिस्कचा मजकूर खरा हे ठरवायला तिच्याकडे साधन नसते आणि दुरुस्ती करायला सांगितले तर ती मजकूर बरोबर आहे असे गृहीत धरून पॅरिटी नव्याने लिहून मोकळी होते. झेडएफएस मात्र चेकसमशी जुळणारी प्रत शोधते, ती वापरकर्त्याला देते आणि बिघडलेल्या जागी तीच पुन्हा लिहून ठेवते.

हे सगळे वाचून माझी जी समजूत झाली होती ती पहिल्या प्रसंगाने दुरुस्त केली. माझा पूल रेडझेड-२ प्रकारचा आहे, म्हणजे कोणत्याही दोन डिस्का गेल्या तरी मजकूर शाबूत राहतो. महिन्यातून एकदा होणाऱ्या स्क्रबनंतर, म्हणजे साठवलेला प्रत्येक ब्लॉक वाचून पडताळण्याच्या फेरीनंतर, मेल आला की एका डिस्कसमोर वाचनाच्या ४, लेखनाच्या ६१ आणि चेकसमच्या ११ चुका नोंदल्या गेल्या आहेत. तिच्या शेजारच्या डिस्कसमोर चेकसमच्या २ चुका होत्या, पण मोठ्या आकड्यापुढे त्या मला दिसल्याच नाहीत. झेडपूल स्टेटस या आज्ञेने दिलेला निरोप तर वाचणाऱ्याला घाबरवणाराच होता : एका उपकरणावर भरून न येणारी चूक झाली आहे, असे पहिले वाक्य, ती दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला आहे आणि वापरात काही अडथळा नाही, असे पुढचे. भरून न येणारी चूक भरून काढली, असे एकाच दमात सांगणाऱ्या या निरोपाचा अर्थ असा असतो की त्या एका डिस्कला आपली चूक सावरता आली नाही, पण पूलने बाकीच्या डिस्कांवरून ती सावरली. एवढा अर्थ लावायला नव्या माणसाला अर्धा दिवस लागतो, आणि तो अर्धा दिवस नेमका घाईचा असतो.

त्यानंतरची सूचना म्हणजे, डिस्क बदलण्याची गरज आहे का ते ठरवा, आणि मग चुकांची नोंद पुसा किंवा डिस्क बदला. सगळे कष्ट ‘ठरवा’ या एका शब्दात आहेत आणि त्याबाबत प्रणाली काहीही मदत करत नाही. मी काहीही न ठरवता डिस्क बदलली. तीन आठवड्यांनी त्याच खणातल्या नव्या कोऱ्या डिस्कसमोर तशाच चुका उगवल्या, तेव्हा काढून ठेवलेली जुनी डिस्क मी दुसऱ्या यंत्राला जोडली आणि तिचे स्मार्ट आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, पहिल्यांदा नीट वाचले. क्रमांक ५, म्हणजे खराब झाल्याने बदलून घेतलेले सेक्टर (डिस्कवरचे लहान कप्पे), शून्य. क्रमांक १९७, म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर, शून्य. क्रमांक १९८, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत वाचता न आलेले सेक्टर, शून्य. आणि क्रमांक १९९, म्हणजे डिस्क व कंट्रोलर (डिस्कांना संगणकाशी जोडणारे कार्ड) यांच्यामधल्या प्रवासात बिघडलेल्या मजकुराची गणना, काही हजारांत. दीर्घ स्वयंचाचणी तिने निर्दोष पार केली. दोष केबलचा होता. कंट्रोलरच्या एका तोंडातून निघून चार डिस्कांना फुटणाऱ्या त्या केबलची पकड ढिली झाली होती, आणि माझ्या नजरेतून सुटलेली ती शेजारची डिस्कही त्याच केबलवर होती.

चेकसमच्या चुका तिथे कशा उगवल्या हेही समजून घेण्याजोगे आहे. दुवा क्षणभर तुटला की डिस्क दिसेनाशी होते, त्या क्षणी तिच्याकडे निघालेले लेखन फसते, आणि दुवा पुन्हा जुळल्यावर तिथे जुनाच मजकूर सापडतो, जो नव्या चेकसमशी अर्थातच जुळत नाही. डिस्कने कोणताही गुन्हा केलेला नसतो, तरी आरोपपत्रावर नाव तिचेच असते, कारण झेडएफएसला डिस्कपलीकडची केबल, बॅकप्लेन (खणांमागची जोडणीची पाटी), कंट्रोलर किंवा वीजपुरवठा यांपैकी काहीही दिसत नाही. काय बिघडले आणि कुठे, हे ती अचूक सांगते. का बिघडले हे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदी, स्मार्टचे आकडे आणि कोणती डिस्क कोणत्या केबलवर आहे याचा कागदावर काढलेला नकाशा, या तिघांना एकत्र बसवून माणसालाच शोधावे लागते. चुका एका डिस्कपुरत्या असतील आणि १९७ चा आकडा चढत असेल तर डिस्कवर संशय घ्यावा. एका केबलवरच्या अनेक डिस्कांवर चुका विखुरल्या असतील तर केबल किंवा कंट्रोलरचे ते तोंड पाहावे. सगळ्याच डिस्कांवर साधारण सारख्या चुका असतील तर डिस्कांना हात न लावता मेमरी, कंट्रोलरचे तापमान आणि वीजपुरवठा तपासावा. हा तर्क मुळीच अवघड नाही, आणि म्हणूनच स्टेटसच्या त्या सूचनेत त्याचा एखादा शब्द तरी असायला हवा होता असे मला राहून राहून वाटते.

दुसऱ्या प्रसंगी मात्र या प्रणालीचे खरे गुण दिसले. या वेळी १९९ स्थिर होता आणि १९७ दर आठवड्याला वाढत होता. स्क्रबमध्ये वाचनाच्या चुका येत होत्या, झेडएफएस त्या जागचा मजकूर पॅरिटीवरून उभा करून तिथेच परत लिहीत होती, आणि त्या लेखनामुळे डिस्क तो सेक्टर राखीव जागेत हलवत असल्याने १९७ थोडा उतरून ५ चा आकडा चढत होता. मरणाऱ्या डिस्कची ही नाडी इतक्या स्पष्टपणे हाताला लागणे मला विशेष वाटले. कंट्रोलरवर एक तोंड मोकळे असल्याने मी जुनी डिस्क न काढता नवी शेजारी जोडली आणि मग झेडपूल रिप्लेस ही डिस्क बदलण्याची आज्ञा दिली. ही पद्धत प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे, कारण अशा वेळी जुनी डिस्क जेवढे वाचून देऊ शकते तेवढे देत राहते, पूलची दोन डिस्कांची सुरक्षितता काम पूर्ण होईपर्यंत फारशी घटत नाही, आणि रिसिल्व्हर, म्हणजे नव्या डिस्कवर मजकूर भरण्याचे काम, संपल्यावर जुनी डिस्क आपोआप बाजूला होते. रिसिल्व्हर हा शब्द आरशाचा उडालेला पारा पुन्हा चढवण्याच्या कामावरून आलेला आहे, आणि क्रियेला तो शोभतोही : जेवढा भाग वापरात आहे तेवढ्यावरच पारा चढतो, रिकाम्या जागेवर वेळ जात नाही. जुन्या रेडमध्ये निम्मी रिकामी डिस्कही शेवटच्या सेक्टरपर्यंत भरून काढावी लागे. २०१९ च्या ०.८ आवृत्तीपासून हे वाचन डिस्कवरच्या क्रमाने लावून होऊ लागल्यामुळे पूर्वीची रखडपट्टीही बरीच कमी झाली आहे.

त्यातही दोन अपवाद आहेत, आणि दोन्ही डिस्क निवडतानाच टाळता येतात. ज्या डिस्कांमध्ये चुंबकीय पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणजे एसएमआर प्रकारच्या डिस्का, त्या सलग मोठ्या लेखनाच्या ओझ्याखाली इतक्या मंदावतात की रिसिल्व्हर तासांऐवजी दिवसांत मोजावा लागतो आणि कधी कधी प्रतिसादाअभावी पूल त्यांना बाहेरच काढतो. दुसरी गोष्ट चूक-सुधारणेच्या वेळमर्यादेची आहे. साध्या डिस्का एखादा खराब सेक्टर वाचण्यासाठी मिनिटभरही झगडत बसतात, तर लिनक्स कर्नल सर्वसाधारणपणे ३० सेकंदांनी आशा सोडून दुवाच नव्याने सुरू करतो. त्यामुळे एका सेक्टरचा दोष संपूर्ण डिस्क गायब झाल्यासारखा भासतो. ज्या डिस्का ही मर्यादा ७ सेकंदांवर आणू देतात त्याच घ्याव्यात, आणि अनेक डिस्का वीज गेल्यावर ही मांडणी विसरतात हे ध्यानात घेऊन सर्व्हर सुरू होताना ती पुन्हा लावण्याची व्यवस्था करावी.

आता तक्रारी. सर्वांत गंभीर तक्रार झेडपूल ॲड आणि झेडपूल अटॅच या दोन आज्ञांची आहे. आरशाला, म्हणजे तोच मजकूर प्रत्येक डिस्कवर ठेवणाऱ्या गटाला, आणखी एक डिस्क जोडायची असताना अटॅचऐवजी ॲड दिले की ती डिस्क पूलचा स्वतंत्र, कोणत्याही राखीव प्रतीविना उभा असलेला भाग बनते आणि ती गेली की संपूर्ण पूल जातो. रेडझेड पूलमध्ये असे झाले तर चुकून जोडलेली डिस्क नंतर काढताही येत नाही. सुरक्षिततेची पातळी जुळत नाही असा इशारा मिळतो खरा, पण सक्तीचा पर्याय देण्याची सवय जडलेले बोट तो इशारा सहज ओलांडते. सेक्टरचा आकार ठरवणारे ॲशिफ्ट हे मूल्यही असेच, एकदा चुकले की त्या डिस्क-गटाच्या आयुष्यभरासाठी चुकलेले. आजच्या ४ किलोबाइट सेक्टरच्या डिस्कांसाठी ते १२ आहे याची खात्री पूल बांधतानाच करावी.

डिस्क ओळखण्याचा प्रश्न त्यामानाने किरकोळ वाटतो, पण अपघात तिथेच होतात. पूल एसडीए, एसडीबी अशा नावांनी बांधला तर एक डिस्क काढताच पुढच्या वेळी नावे सरकतात आणि स्टेटसमधले नाव कोणत्या खणातल्या डिस्कचे हे सांगणे कठीण होते. बाय-आयडी या मार्गाखालच्या, अनुक्रमांक असलेल्या नावांनी पूल बांधावा आणि तोच अनुक्रमांक खणाच्या तोंडावर चिकटवून ठेवावा. मी तसे केले होते, तरीही घाईत एकदा शेजारचा खण ओढला. रेडझेड-२ असल्यामुळे काही बिघडले नाही, आणि डिस्क परत बसवून ऑनलाइन केल्यावर प्रणालीने मधल्या काळात जेवढे बदलले होते तेवढेच पुन्हा लिहून दोन मिनिटांत तिला रांगेत घेतले. ही समजूतदार वागणूक मला फार आवडली, हे इथे नोंदवलेच पाहिजे.

पूल वाढवण्याबाबतची जुनी तक्रार २०२५ मध्ये आलेल्या २.३ आवृत्तीने बऱ्याच अंशी मिटवली आहे, कारण आता रेडझेड गटात एकेक डिस्क वाढवता येते. मात्र आधी लिहिलेला मजकूर जुन्याच प्रमाणात राहतो, तो पुन्हा लिहिल्याशिवाय जागेचा पुरता लाभ मिळत नाही. परवान्याच्या अडचणीमुळे ही प्रणाली लिनक्स कर्नलच्या मुख्य कोडमध्ये नाही आणि नवा कर्नल आल्यावर तिचे मॉड्यूल जुळेपर्यंत थांबावे लागते, ही गैरसोय कायम आहे.

ज्यांच्याकडे रेड कार्ड, म्हणजे डिस्का स्वतःच एकत्र जोडणारे कंट्रोलर कार्ड, आहे त्यांनी ते झेडएफएसच्या खाली ठेवू नये. ते कार्ड डिस्का लपवते, स्मार्टचे आकडे अडवते आणि अनेक डिस्कांची एक म्हणून ओळख करून देते, त्यामुळे कोणती प्रत खरी हे ठरवण्याचे झेडएफएसचे सामर्थ्यच निरुपयोगी ठरते. साधे एचबीए, म्हणजे डिस्का जशाच्या तशा दाखवणारे कार्ड, किंवा त्याच पद्धतीवर (आयटी मोडमध्ये) आणलेले रेड कार्ड पुरेसे आहे. दोन डिस्कांचा छोटा सर्व्हर असेल तर आरसा बांधावा, मोठ्या डिस्कांसाठी एकाच डिस्कचे जाणे सोसणारे रेडझेड-१ टाळावे, कारण एक डिस्क गेल्यानंतर उरलेल्यांचे दीर्घ आणि सलग वाचन हीच त्यांची सर्वांत अवघड परीक्षा असते आणि तिथे एकही चूक परवडत नाही. बॅकअप वेगळ्या यंत्रावर हवाच. चुकीने पुसलेली फाइल रेडझेड-३ सुद्धा परत आणत नाही. या अटी मान्य असणाऱ्याला, आणि मेलमधले आकडे स्वतः वाचण्याची तयारी असणाऱ्याला, मी ही प्रणाली निःशंकपणे सुचवीन. एकच बटण दाबून बिघाडाचे कारण कळावे अशी अपेक्षा असेल, तर निराशाच पदरी येईल.

ती ढिली केबल बदलून आता चार वर्षे झाली आहेत आणि त्या खणातली डिस्क एकही चूक न नोंदवता चालू आहे. उगाच काढून टाकलेली जुनी डिस्कही दुसऱ्या यंत्रात रोजचे काम करते आहे, आणि तिचा १९९ क्रमांकाचा आकडा जिथे होता तिथेच आहे.