टर्मिनलशेजारचं छापील पुस्तक: वर्षभराच्या वापरानंतर

डॅनियल बॅरेट यांचं ‘लिनक्स पॉकेट गाइड’ (ओरायली, तिसरी आवृत्ती, २०१६) गेल्या पावसाळ्यापासून माझ्या टेबलावर आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, लागणाऱ्या कमांडचं हे छोटं संदर्भपुस्तक. काम सर्व्हर सांभाळण्याचं, त्यामुळे ते रोज हाताळलं जातं. मदत संगणकातच आणि गुगलवर मिळत असताना छापील पुस्तक कशाला, असं कुणीही विचारेल.

कमांडचं नाव माहीत असेल तर ‘मॅन’च (लिनक्समधली अंगभूत मदतीची पानं) जलद, त्यात वाद नाही. पण नावच ठाऊक नसेल तेव्हा हे पुस्तक कामाला येतं, कारण यात कमांड कामानुसार लावल्या आहेत. मी ‘कट’ (ओळींतले रकाने काढणारी कमांड) बघायला गेलो आणि तिथेच पुढे ‘टीआर’ (अक्षरं बदलणारी), ‘सॉर्ट’ (ओळी क्रमाने लावणारी), ‘युनिक’ (uniq) वाचून काढले. ‘युनिक’ फक्त लागोपाठ आलेल्या सारख्या ओळी गाळतं, म्हणून आधी ‘सॉर्ट’ हवं. एवढं पक्कं झाल्यावर वेबसर्व्हरच्या लॉगमधून (नोंदींच्या फाइलमधून) कुठल्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) किती रिक्वेस्ट आल्या ते काढायला स्क्रिप्ट लिहावी लागत नाही. ‘कट’ने पहिला रकाना काढायचा, मग ‘सॉर्ट’, मग ‘युनिक वजा सी’ (uniq -c, प्रत्येक ओळ किती वेळा आली ते मोजायला), शेवटी आकड्यांवर उलटं ‘सॉर्ट’. गुगलवर नेमकं उत्तर मिळतं, पण त्याच्या शेजारचं काही नजरेला पडत नाही.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक कमांडखालची बारीक ओळ. कमांड स्टँडर्ड इनपुट (कीबोर्डवरून किंवा दुसऱ्या कमांडकडून येणारा मजकूर) वाचते का, फाइलचं नाव घेते का, हे तिथे दिसतं; जे लागू नाही ते फिकट छापलेलं. ‘टीआर’ फाइलचं नाव घेतच नाही, मजकूर पाइपने (दुसऱ्या कमांडच्या आउटपुटमधून) किंवा रीडायरेक्ट करूनच (फाइल इनपुटकडे वळवून) द्यावा लागतो. हे एका नजरेत कळतं. किती विचार करून मांडलंय!

खोलात जायचं तर मात्र मॅनला पर्याय नाही. फाइली शोधणाऱ्या ‘फाइंड’मध्ये ‘एमटाइम अधिक सात’ (-mtime +7) लिहिलं की सात दिवसांपेक्षा जुन्या सगळ्या फाइली मिळतील असं वाटतं. प्रत्यक्षात ते २४ तासांचे पूर्ण तुकडे मोजतं आणि उरलेले तास सोडून देतं, म्हणजे फाइल किमान आठ दिवस जुनी लागते. जुने बॅकअप उडवताना हा फरक फार महत्त्वाचा. मी तो पेन्सिलीने समासात लिहून ठेवलाय. ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या ‘क्रॉन’चंही तसंच: महिन्याची तारीख आणि आठवड्याचा वार दोन्ही दिले तर दोन्हींपैकी एक जुळलं तरी काम चालतं.

आणि मॅन प्रत्येक ठिकाणी असतंच असं नाही. कंटेनरच्या (ॲप चालवायच्या बंदिस्त जागेच्या) छोट्या इमेजमधून ती पानं काढून टाकलेली असतात, आणि इंटरनेट नसलेल्या सर्व्हर रूममध्ये ब्राउझरही नसतो. तिथे हे पुस्तक जवळ असलं की धीर येतो. बॅशच्या (टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) मॅनमधला हवा तो भागही मी प्रिंट काढून झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घेतला आहे.

नवं घेणार असाल तर २०२४ ची चौथी आवृत्ती घ्या. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात लिनक्सचं एखादं जुनं पुस्तक मिळालं तर साल बघा. लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या डेबियनने २०१५ मध्ये सिस्टमडी (सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारे प्रोग्राम, सांभाळणारी व्यवस्था) स्वीकारलं. त्याआधीच्या पुस्तकांतली सर्व्हिस सुरू-बंद करण्याची प्रकरणं आता बहुतांशी जुनी झाली आहेत. मजकूर शोधायच्या-बदलायच्या ‘ग्रेप’, ‘सेड’, ‘ऑक’ या कमांडवरची पानं मात्र आजही बिनधास्त वापरा.