महिन्याला ६५ हजार की बँकेत ८ लाख? थायलंडच्या रिटायरमेंट मुदतवाढीसाठी पेन्शन कशी दाखवावी

निवृत्तीनंतर थायलंडमध्ये राहायचं ठरवलेली ओळखीची मंडळी फोन करतात, तेव्हा घरभाडं, दवाखाने, उकाडा याची चौकशी त्यांनी आधीच केलेली असते. गाडी अडते ती एकाच ठिकाणी. थायलंडमध्ये राहायच्या परवानगीला वर्षाची मुदतवाढ घेताना पैसे कसे दाखवायचे? पेन्शन दर महिन्याला थाई खात्यात आणायची, की ८ लाख बाट एकदाच बँकेत ठेवायचे?

मी दोन्ही केलंय. त्याआधी वकिलातीच्या पत्रावर दोन-तीन वर्षं काढली, तीही सोय आता माझ्यासाठी उरलेली नाही. त्यामुळे पुढे लिहितोय ते अनुभवाचं आहे. तुमचं इमिग्रेशन ऑफिस वेगळं असेल, तिथली पद्धत थोडी वेगळी असेल, हे धरूनच वाचा.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मूळ सातारचा, नोकरी सगळी इंग्लंडात, पासपोर्ट ब्रिटिश. पेन्शन दोन: एक नोकरीची, दर महिन्याला येणारी, आणि दुसरी ब्रिटनची सरकारी पेन्शन, जी दर चार आठवड्यांनी येते. हा चार आठवड्यांचा हिशेब लक्षात ठेवा, कारण इमिग्रेशन कॅलेंडरचा महिना मोजतं. ती पेन्शन वर्षातून १३ वेळा येते आणि तिची तारीख दर महिन्याला मागे मागे सरकते. शिवाय थायलंडमध्ये राहणाऱ्याला तिच्यात दरवर्षीची वाढ मिळत नाही. इथे आलो तेव्हा जो आकडा होता, तोच आजही आहे.

पूर्वी हे सोपं होतं. पेन्शनचे कागद वकिलातीत दाखवायचे, तिथून त्या उत्पन्नाचं पत्र मिळे, ते टीएम ७ या मुदतवाढीच्या अर्जाला जोडायचं, १,९०० बाट भरायचे, झालं. २०१९ उजाडलं आणि ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांनी ही पत्रं देणं बंद केलं. माझं शेवटचं पत्र मी २०१८ संपायच्या आत काढलं आणि मार्च २०१९ च्या मुदतवाढीला वापरलं. पुढे राहिले दोनच धड रस्ते.

पहिला रस्ता महिन्याचा. सलग १२ महिने, दर महिन्याला निदान ६५,००० बाट परदेशातून थाई खात्यात आलेले दिसले पाहिजेत. सोबत बँकेचं पत्र आणि वर्षभराचं स्टेटमेंट. मी हाच निवडला आणि त्यामागचा विचार आजही मला चुकीचा वाटत नाही. पेन्शन आहे, ती खर्चासाठी इकडे आणायचीच आहे, मग तीच दाखवावी. मोठी रक्कम परक्या देशात अडकवून का ठेवायची? मार्च २०२०, २०२१, २०२२, तिन्ही वेळा काम अर्ध्या दिवसात झालं. दोन्ही पेन्शन इंग्लंडच्या खात्यात जमा होत आणि तिथून दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ठरलेली रक्कम, शेवटी शेवटी १,६०० पौंड, आपोआप निघत. इथे त्याचे ६८-७० हजार बाट होत. तीन ते पाच हजारांचा फरक मला भरपूर वाटत होता.

एक गोष्ट मात्र पहिल्या वर्षीच कळली होती. पैसे परदेशातून आलेत हे पासबुकात दिसावं लागतं. प्रत्येक बँकेचा त्यासाठी एक कोड असतो. स्वस्तात पैसे पाठवणारी जी ॲप आहेत, त्यांची रक्कम पुष्कळदा त्यांच्या थाई भागीदार बँकेतून येते, आणि पासबुकात ती इथल्याच कुणीतरी पाठवल्यासारखी छापली जाते. मग बँकेत जाऊन प्रत्येक महिन्याचा, पैसे बाहेरून आल्याचा कागद मागत बसा. मी त्या फंदात पडलो नाही. चार पैसे जास्त लागले तरी सरळ बँकेकडून बँकेकडेच पाठवत राहिलो.

२३ सप्टेंबर २०२२ ला लंडनमध्ये तो गाजलेला मिनी-बजेट सादर झाला आणि पौंड कोसळला. माझे १,६०० पौंड नेमके त्यानंतरच्या सोमवारी निघाले. मी बातम्या पाहत होतो, हळहळत होतो, पण ते हळहळणं इंग्लंडातल्या लोकांच्या घरकर्जाच्या हप्त्यांसाठी होतं. आपल्या पासबुकाशी त्याचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

१२ ऑक्टोबरला बाजारातून येताना बँकेच्या बाहेरच्या मशीनमध्ये पासबुक घातलं. ते ओळी छापत गेलं, पान उलटायला सांगितलं, मी उलटलं. बाहेर आलं तेव्हा सप्टेंबरच्या ओळीवर आकडा होता ६४,३१०. पौंडाचा भाव पडलेला, वर वाटेतल्या बँकेचा आणि इथल्या बँकेचा आकार कापलेला. ६९० बाट कमी. सप्टेंबर संपून १२ दिवस झाले होते. आता वरून हजार बाट पाठवले असते तरी ते ऑक्टोबरचे झाले असते.

पुढच्या आठवड्यात इमिग्रेशनमध्ये जाऊन विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी पासबुक घेतलं आणि पेन्सिलीने एकेका महिन्यासमोर बारीक खूण करत गेल्या. सप्टेंबरवर आल्या, थांबल्या, त्याभोवती गोल केला. वागणं अतिशय सौम्य होतं. नियम सलग १२ महिन्यांचा आहे, एक महिना कमी पडला तर साखळी तुटते, एवढंच त्यांनी समजावलं. मग वहीवर ८ लाखांचा आकडा लिहून दाखवला, म्हणाल्या, हा मार्ग अजून उघडा आहे, वेळ आहे तुमच्याकडे.

वेळ होता हे नशीब. पासबुक फेब्रुवारीत छापलं असतं तर माझ्या हातात काहीच राहिलं नसतं. माझ्या व्हिसावर पत्नीचाही व्हिसा आहे, ती माझ्यावर अवलंबून म्हणून इथे राहते. म्हणजे ६९० बाटांपायी आम्हा दोघांनाही घर आवरायला लागलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरं. तीन वर्षं आपण दर महिन्याला एक परीक्षा देत होतो आणि आपल्याला ते ठाऊकच नव्हतं, असं वाटत राहिलं. पौंडाचा भाव, मधल्या बँकेचा आकार, सुट्टीमुळे एक तारखेवर ढकलली जाणारी रक्कम, यातलं काहीही माझ्या हातात नाही. आणि चूक होते महिन्याच्या अखेरीस, कळते पुढच्या महिन्यात.

दुसरा रस्ता ठेवीचा. अर्जाच्या आधी दोन महिने ८ लाख बाट तुमच्या एकट्याच्या नावावरच्या थाई खात्यात हवेत. मुदतवाढ मिळाल्यावर आणखी तीन महिने ते तसेच ठेवायचे. त्यानंतर ४ लाखांपर्यंत खाली आणता येतात, पण त्याखाली कधीच नाही. पुढच्या अर्जाआधी दोन महिने पुन्हा ८ लाख. २०१९ पासूनचा हा नियम आहे. काही ऑफिसांत तीन महिन्यांनी पासबुक दाखवायला परत बोलावतात.

डिसेंबर २०२२ मध्ये मी नोकरीची पेन्शन सुरू होताना मिळालेल्या एकरकमी पैशातून सुमारे १९ हजार पौंड इकडे आणले. भाव चांगला नव्हता. तरी आणले, वेगळं खातं उघडून त्यात ठेवले, आणि मार्च २०२३ पासून त्याच खात्यावर मुदतवाढ घेतोय. ४ लाखांपर्यंत उतरायची मुभा असली तरी मी उतरत नाही. ८ लाख म्हणजे ८ लाख, वर्षभर. घरखर्चाचं खातं निराळं आहे. ठेवीच्या पासबुकाला वर्षातून एकदाच हात लागतो: अर्जाच्या दिवशी सकाळी बँकेत जायचं, १०० बाट भरायचे म्हणजे त्या दिवसाची तारीख छापली जाते, बँकेचं पत्र घ्यायचं आणि तसंच इमिग्रेशनला जायचं.

या रस्त्याला खोट नाही असं मी म्हणणार नाही. पैसा अडकतो. बचत खात्यावरचं व्याज नावापुरतं आहे. हीच रक्कम तुमच्याकडे दुसरीकडे बरं उत्पन्न देत असेल, तर दरवर्षी तेवढं सोडून द्यावं लागतं, आणि ते ज्याला टोचेल त्याला टोचू दे. बँक बुडाली तर काय, हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. इथल्या ठेव संरक्षणाची हद्द एका बँकेत एका माणसामागे १० लाख बाट आहे, म्हणजे ८ लाख पूर्ण त्यात बसतात.

मला जास्त काळजी होती ती माझ्यामागे पत्नीचं काय होणार याची. खातं एकट्याच्या नावावर लागतं, त्यामुळे माझं काही बरंवाईट झालं तर तिला ते पैसे लगेच काढता येणार नाहीत, कोर्टाचा आदेश लागेल. म्हणून इथल्या वकिलाकडून थाई भाषेत मृत्युपत्र करून घेतलं आणि तिच्या नावावरही वेगळ्या खात्यात काही महिन्यांचा खर्च ठेवला. ठेवीचा रस्ता धरणाऱ्याने हेही काम पहिल्याच महिन्यात उरकावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कराचा मुद्दाही आता तराजूत घालावा लागतो. वर्षात १८० दिवस किंवा जास्त थायलंडमध्ये राहणाऱ्याने परदेशातलं उत्पन्न इकडे आणलं, की १ जानेवारी २०२४ पासून ते कराच्या हिशेबात धरलं जातं, कमाई कुठल्याही वर्षाची असो. २०२४ च्या आधीची कमाई मात्र यातून वगळली आहे. महिन्याच्या रस्त्याने वर्षाला किमान ७ लाख ८० हजार बाट येणार आणि ते पेन्शन म्हणूनच येणार, कारण तुम्हीच ते तसं सिद्ध करताय. ठेव जुन्या बचतीतून आणली असेल तर ती रक्कम या फेऱ्यात येत नाही. पेन्शन कुठल्या देशात करपात्र ते दोन देशांतल्या करारावर आणि पेन्शनच्या प्रकारावर ठरतं. ते जाणकाराला विचारूनच ठरवा.

तिसरा रस्ता मिश्र आहे: वर्षाचं उत्पन्न अधिक बँकेतली ठेव मिळून ८ लाख. कागदावर हा सगळ्यात समंजस वाटतो. पण वकिलातीचं पत्र नसेल तर उत्पन्न कशाने धरायचं यावर ऑफिसागणिक मत बदलतं. हा मार्ग घ्यायचा असेल तर आधी तुमच्याच ऑफिसात जाऊन विचारा. दुसऱ्या प्रांतातल्या माणसाचं झालं यावर विसंबू नका.

भारतातली पेन्शन घेऊन येणाऱ्यांसाठी थोडं वेगळं गणित आहे. अडीच रुपयांच्या आसपास बाट धरला तर ६५ हजार म्हणजे महिन्याला एक लाख साठ-बासष्ट हजार रुपये. एवढी पेन्शन असणारे आपल्यात थोडे. बाकीच्यांना बचतीतून भर घालूनच तो आकडा गाठावा लागतो, आणि बचतीतून भरच घालायची तर ठेवच का नको, असा प्रश्न मला पडतो. शिवाय इथे स्थायिक झाल्यावर पेन्शन एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांच्या भारतातल्या खात्यात येणार, आणि तिथून बाहेर पाठवायचं म्हणजे बँकेचे फॉर्म दर महिन्याला.

त्याच भावाने ठेव म्हणजे साधारण २० लाख रुपये. तुम्ही अजून भारतातले रहिवासी असताना हे पैसे पाठवत असाल, तर एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो. विवरणपत्र भरताना तो परत मिळवता येतो, पण तोपर्यंत पैसा अडकलेला. पुण्याच्या एका स्नेह्यांना मी अर्धी रक्कम मार्चमध्ये आणि अर्धी एप्रिलमध्ये पाठवायला सुचवलं. दोन आर्थिक वर्षांत विभागली की त्या मर्यादेचा फायदा दोनदा मिळतो.

इतकं सांगूनही मी कुणाला ठेवच करा असा आग्रह धरत नाही. हाताशी एवढी रक्कम नसेल, किंवा ती मुलांच्या घरात गुंतलेली असेल, तर महिन्याचा रस्ता धरावा. तो चालतो, तीन वर्षं माझा चालला. फक्त १,६०० पौंडांसारखा ठरीव आकडा लावून देऊ नका. इथे ७५ हजार बाट पोचतील इतके पाठवा आणि भाव पडला की त्या महिन्यात रक्कम वाढवा. दोन पेन्शन असतील तर आधी एका खात्यात गोळा करून एकाच रकमेने पाठवा. आणि ती रक्कम महिन्याच्या पाच तारखेच्या आत निघू द्या, पंधरा तारखेच्या आत पासबुक छापून आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, म्हणजे कमी पडलं तर भर घालायला अर्धा महिना हातात राहील.